स्वयंपूर्ण खेडे आणि दोर वळणारे हात

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गाला घेऊन मी आपल्या विद्यालयामागच्या माळावर गेलो होतो. इतिहासाच्या शिक्षकाने रानभाज्या दाखवायला निघावे हा थोडा आगाऊपणाच. दिसेल ती खाण्याजोगी वनस्पती ओळखायची आणि तिचे नाव सांगायचे, एवढाच पाठ होता. टाकळा, कुर्डू, घोळ, पाथरी, आघाडा इथपर्यंत नावे आली आणि वर्ग थांबला. मागे उभी असलेली एक मुलगी शेवटपर्यंत बोलली नाही. परतल्यावर तिच्या वहीत सतरा नावे निघाली. माळावर का सांगितली नाहीस, असे विचारले तेव्हा ती खाली पाहत म्हणाली, ‘सर, सगळ्यांना कळलं असतं ना, आमच्या घरी हे खातात म्हणून.’

हे उत्तर मला नवे नव्हते. १९७२ च्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो. आई खडी फोडण्याच्या कामावर जाई आणि येताना पदरात जे मिळेल ते खुडून आणी. पुढे वसतिगृहात असताना मित्रांसमोर मी त्या भाज्यांची नावे कधी घेतली नाहीत. आज शहरांत रानभाज्यांचे महोत्सव भरतात, दोर वळण्याची आणि चूल मांडण्याची शिबिरे शुल्क घेऊन चालतात. ज्या विद्येचे तेथे कौतुक होते, तीच आमच्या मुलीला लपवावीशी का वाटते, याचा शोध इतिहासाच्या शिक्षकाने घ्यायला हवा.

‘स्वयंपूर्ण खेडे’ या कल्पनेचे मोठे भाट इंग्रज अधिकारी होते. सर चार्ल्स मेटकाफ यांनी १८३० मध्ये हिंदुस्थानातील खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले. राजवटी बदलल्या तरी ही खेडी तशीच टिकून राहतात, असा त्यांचा अभिप्राय होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी याच मेटकाफचा दाखला घेतला आणि प्रश्न केला तो त्या टिकण्याच्या मोलाचा. खेडे टिकले हे खरे. पण कोणत्या पातळीवर आणि कोणाच्या जिवावर? संविधानाने व्यक्ती हा घटक मानला, खेडे नव्हे, याचे त्यांनी त्या भाषणात स्वागत केले.

या प्रश्नाचा अर्थ एका दोराच्या आधारे समजून घेता येतो. विहिरीवरच्या मोटेला दोन दोर लागत : जाड नाडा आणि बारीक सोंदूर. हे दोर वळण्याचे काम मातंग समाजाकडे असे. मोटेचे कातडे ढोर कमवीत आणि चर्मकार ते शिवीत. त्या मोटेने उपसलेले पाणी सारा गाव पीत असे. मात्र नाडा वळणाऱ्याला आणि मोट शिवणाऱ्याला त्याच विहिरीच्या काठावर पाय ठेवता येत नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुत्याच्या या व्यवहाराचे बारकाईने वर्णन आहे. लेखकाची दृष्टी आपली नव्हे, तरीही प्रत्येक अभ्यासकाने तो वाचावा. गाव स्वयंपूर्ण होते. गावातला कोणताही माणूस स्वयंपूर्ण नव्हता. प्रत्येक कौशल्य एकेका जातीत कोंडलेले होते आणि ते सोडण्याची मुभा नव्हती.

महार वतनाची गोष्ट आणखी बोलकी आहे. गावची शीव कोठून जाते, कोणती वाट पावसात बंद होते, हे महाराला पाठ असे. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष वजनदार मानली जाई. वाटसरूला पुढच्या गावापर्यंत पोहोचवणे, सरकारी भरणा नेणे ही कामे त्याच्याच पायांवर होती. ज्याला शिवारातला प्रत्येक दगड ठाऊक, त्याच्या हाती वतनाचा तुकडा तेवढा, आणि त्या तुकड्यापायी रात्रंदिवस बांधलेली चाकरी. बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मार्च १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात मांडले ते ही गाठ सोडविण्यासाठी. ती कायद्याने सुटली त्यांच्या परिनिर्वाणानंतर, १९५८ च्या निर्मूलन कायद्याने.

मग ही विद्या टाकून द्यायची काय? येथे मला आपल्याच काही कार्यकर्त्यांशी मतभेद नोंदवावासा वाटतो. सक्ती टाकायची, विद्या टाकण्याचे कारण नाही. विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेत आचार्यांनी त्याला सांगितले की नगराभोवती एक योजन फिरून औषधी गुण नसलेली वनस्पती शोधून आण. जीवक रिकाम्या हाताने परतला. अशी एकही वनस्पती नाही, असे त्याने सांगितले. आचार्यांनी हेच त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे लक्षण मानले. आमच्या मुलीची सतरा नावे याच जातीची परीक्षा उत्तीर्ण झाली आहेत.

ही विद्या गंभीर आहे, कारण तिच्यात चूक झाली तर विषबाधा होते. पहिल्या पावसात उगवणारे शेवळे तसेच शिजवले तर घसा खाजून सोलवटतो. म्हणून जाणत्या बायका त्यात काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालतात. कडूकंद तर त्याहून जहाल. त्याच्या चकत्या करून राखेच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कोठे तो खाण्याजोगा होतो. बांबूचे कोंब उकळून ते पाणी फेकून द्यावे लागते. टाकळा कोवळा असेतो खुडायचा. मुलांना आम्ही एकच नियम घातला आहे : जाणत्या माणसाने ओळख पटविल्याखेरीज काहीही तोंडात घालायचे नाही.

दोराचा पाठही आम्ही ठेवला. कुंपणाच्या घायपाताची पाने कापून काही दिवस पाण्यात कुजविली, ठेचली, धुतली आणि वाख वाळविला. पानांचा रस अंगाला खाजतो, हे मुलांना पहिल्याच दिवशी कळले. दोन पदर एकाच दिशेने पिळायचे आणि एकमेकांवर चढवताना उलट दिशेने वळायचे. पदर उलगडू पाहतात तसतसे ते एकमेकांना घट्ट आवळतात. पहिला दोर बादली उचलताच तुटला. दुसरा टिकला. तो वळायला सगळ्या समाजांची मुले बसली होती. विहिरीवरही सगळीच गेली. मुलांना यात विशेष काही वाटले नाही. मी मात्र पाणी काढून होईपर्यंत तेथून हललो नाही.

विद्येला हक्काची जोड मिळाली की काय होते, याचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा) हे शंभराच्या आसपास घरांचे गोंड आदिवासींचे गाव. रानाचे ज्ञान त्यांना पिढ्यान्‌पिढ्या होते. बांबू मात्र कागद कारखान्याकडे जाई. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना वृक्षात होती. वनहक्क कायदा २००६ ने तो गौण वनोपजात धरला आणि त्यावर वनात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी विक्रीसाठी वाहतूक परवाना हवा होता, आणि तो ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडावा लागला. केंद्रीय मंत्र्यांना त्यासाठी गावात यावे लागले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुष्कळांनी ऐकली असेल. मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यांची अभ्यासमंडळाची रीत. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसंमतीने होतात. त्याआधी विषयाचा अभ्यास होतो, कायदा वाचला जातो. बेटातला नवा कोंब राखून जून बांबू कापावा, हे आजोबांनाही ठाऊक होते; तो कोणी आणि कोणासाठी कापावा, हे ठरविण्याचा अधिकार नातवांना मिळाला.

आपल्या समाजाने हाच प्रश्न गायरानापासून विचारला. ६ डिसेंबर १९६४ रोजी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली प्रमुख मागणी. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आजही गायरानाचा तुकडा कसला जातो. त्यांनी पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, अवश्य पाहावी. आपल्या आजोबांचे नाव, वर्ष, क्षेत्र त्यात आहे की नाही ते पाहावे, नक्कल मागून घ्यावी आणि जुन्या दंडाच्या पावत्या असतील तर त्या जपाव्यात. सेंद्रिय शेती, बांधावरची झाडे, पाणी अडविणे हे सारे करायचेच. पण जमीन कोणाच्या नावावर आहे हे ठाऊक नसताना लावलेले झाड दुसऱ्याचे होते.

आठवीच्या वर्गाने आता रानभाज्यांची वही सुरू केली आहे. नाव, महिना, खाण्याचा भाग, शिजवण्याची रीत आणि शेवटचा रकाना ‘कोणाकडून कळले’. तो रकाना मुलांनी बहुतेक ‘आई’ आणि ‘आजी’ या दोनच शब्दांनी भरला आहे. पालकभेटीच्या रविवारी एका आजींनी ती वही नातवाकडून वाचून घेतली. ‘दुष्काळाचं खाणं कशाला लिहिता, गुरुजी?’ असे म्हणत त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. कडूकंदाच्या पानावर मात्र त्यांनी नातवाला थांबवले. राख किती घालायची ते लिहिलेच नाही, असे म्हणून त्यांनी ओंजळ करून दाखविली, आणि आमच्या वहीत ती दुरुस्ती त्याच दिवशी झाली.