देऊळ फिरले, मग डावे उजवे का झाले नाही?

संपादक मंडळाने मला 'अलीकडे वाचलेली विज्ञानकथेची पुस्तके' असा विषय दिला तेव्हा दहा नावांची यादी लिहून मोकळे व्हायचे मी ठरवले होते. यादी शेवटी थोडीफार येईलच. पण पहिल्याच कथेत मी असा अडकलो की गेल्या पी.एल.चे चार दिवस त्यातच गेले. रूममेटने मला वेड्यात काढले. तरी ते चार दिवस वाया गेले असे मला वाटत नाही. का, ते पुढे येतेच.

हॉस्टेलच्या वाचनालयात जयंत नारळीकरांच्या कथांचे एक पुस्तक आहे. मुखपृष्ठ गेले आहे आणि पहिली काही पाने सुटी झाली आहेत. त्यात 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा आहे. एक गोलंदाज आयुष्यभर उजव्या हाताने चेंडू टाकत आला आहे. एके दिवशी ऐन सामन्यात तो डाव्या हाताने टाकू लागतो आणि फलंदाजांची दाणादाण उडते. कारण असे की त्याच्या शास्त्रज्ञ मित्राच्या प्रयोगातून तो अख्खाच्या अख्खा उलटा होऊन आला आहे. आरशातले आपले प्रतिबिंब बाहेर येऊन चालायला लागावे, तसा. गणपतीच्या सोंडेचा यात काय संबंध, ते मी सांगणार नाही.

कथा वाचून मी गावी गेलो. आमचे गाव औंढ्यापासून फार लांब नाही. रात्री ओसरीवर आजोबांना कथा सांगितली. आजोबा सातवी शिकलेले, पण ऐकतात ध्यान देऊन. त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारले, "मंग लेकरा, नामदेवासाठी औंढ्याचं देऊळ फिरलं, तवा आतल्या देवाचं डावं उजवं झालं का रे?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. संत नामदेव आपल्या जिल्ह्यातल्या नरसीचे. औंढा नागनाथाच्या देवळासमोर ते कीर्तन करत असताना त्यांना तिथून उठवून मागच्या बाजूला पाठवले, आणि देवळानेच तोंड फिरवून नामदेवांकडे केले, अशी आख्यायिका आहे. नंदी तेवढा जागेवर राहिला, म्हणून आजही तो देवळाच्या मागे आहे, असे आपल्याकडे लहान पोरसुद्धा सांगते. आख्यायिका खरी की खोटी हा आजोबांचा प्रश्नच नव्हता. देऊळ फिरले हे धरून चालू. मग डाव्याचे उजवे झाले का?

मी लगेच म्हणालो, "नाही झालं." आजोबा म्हणाले, "का?" आणि माझी बोलती बंद झाली.

इथे एक कबुली द्यायला हवी. एका तोंडी परीक्षेत मला विचारले होते, रोटेशन मॅट्रिक्सचा डिटरमिनंट किती? मी ठोकून दिले, "प्लस ऑर मायनस वन, सर." एक्स्टर्नल हसले आणि पुढच्या मुलाकडे वळले. मार्क गेले त्याचे दुःख नाही. मराठी माध्यमातल्या पोराला इंग्रजीमुळे अडचण येते, अशी मी स्वतःची समजूत घातली होती, आणि ती सोयीची होती. ओसरीवर आजोबांनी तोच प्रश्न मराठीत विचारला, तोही आमच्या बोलीत, आणि तरी मला उत्तर आले नाही. म्हणजे अडचण भाषेची नव्हतीच. मला समजलेच नव्हते.

परत आल्यावर पुठ्ठ्यातून डाव्या पायाच्या चपलेचा आकार कापला. तुम्हीही कापा, दोन मिनिटांचे काम आहे. हा आकार टेबलावर ठेवून कसाही सरकवा, गोल फिरवा, तो डाव्या पायाचाच राहतो. टेबलाला चिकटून आहे तोपर्यंत त्याची सुटका नाही. पण तोच उचलून पालथा घातला की झाला उजव्या पायाचा. टेबल म्हणजे दोन मिती. उचलणे म्हणजे तिसऱ्या मितीत जाणे. आता खरी चप्पल घ्या. ती तीन मितींची आहे. खोलीत कशीही फेका, डावी ती डावीच. तिला उजवी करायची तर चौथ्या मितीत उचलून फिरवावी लागेल, आणि ती आपल्याला सापडत नाही. औंढ्याचे देऊळ फिरले ते आपल्या तीन मितींत, जमिनीवर, उभ्या अक्षाभोवती. तोंड इकडचे तिकडे झाले, पण डावे ते डावेच राहिले. आजोबा, हे तुमचे उत्तर.

मॅट्रिक्सच्या भाषेत तेच. आरसा म्हणजे x च्या जागी उणे x, y आणि z जसेच्या तसे. कर्णावर उणे एक, एक, एक. डिटरमिनंट उणे एक. रोटेशनचा डिटरमिनंट नेहमी अधिक एक, कारण फिरवणे हळूहळू होते. शून्य अंशाला तो एक असतो, आणि मधल्या मध्ये एकदम उडी मारून तो उणे एक होऊ शकत नाही. ऑर्थोगोनल मॅट्रिक्सचा 'प्लस ऑर मायनस' असतो, आणि मी दोन्हींची खिचडी केली होती. आता चौथी मिती w जोडा आणि x-w प्रतलात १८० अंश फिरवा. कर्णावर उणे एक, एक, एक, उणे एक. डिटरमिनंट अधिक एक! म्हणजे चार मितींत हे शुद्ध रोटेशन आहे, पण आपल्या तीन मितींतून पाहणाऱ्याला ते आरशासारखे दिसते. नारळीकरांचा गोलंदाज या फटीतून गेला. हे कळले त्या रात्री मी दीड वाजता रूममेटला उठवून सांगितले. त्याने जे उत्तर दिले ते या अंकात छापता येणार नाही.

ज्यांना गणित नको त्यांनी मोबियसची पट्टी करावी. पारदर्शक प्लॅस्टिकची लांब पट्टी घ्या, अर्धा पीळ द्या आणि टोके चिकटवा. तिच्यावर डाव्या पायाचा ठसा काढा आणि तसेच ठसे पुढे पुढे काढत पूर्ण फेरी मारा. सुरुवातीच्या जागी परत आलात की शेवटचा ठसा पहिल्याच्या उलट निघतो. साधा कागद घेऊ नका, त्यावर शाई मागच्या बाजूला जाते आणि मजा निघून जाते.

मग मी शोधायला लागलो की ही कल्पना नारळीकरांच्या आधी कोणाला सुचली होती का. सुचली होती. एच. जी. वेल्सची 'द प्लॅटनर स्टोरी' ही १८९६ची कथा आहे. प्लॅटनर हा शाळामास्तर. भाषा शिकवायला ठेवलेला, पण रसायनशास्त्रही त्याच्याच गळ्यात पडलेले (हे वाचून काही स्टाफ मेंबर्सना आपलेपणा वाटेल). एका हिरव्या पावडरीचा स्फोट होतो, मास्तर नऊ दिवस गायब होतात आणि परत येतात तेव्हा त्यांचे हृदय उजवीकडे असते. वेल्सने एवढ्यावर चौथी मिती सांगितली, पण पुढे तो भुताखेतांसारख्या दुसऱ्याच जगात रमला. मला ते थोडे लांबण वाटले.

त्यानंतरची कथा मात्र प्रत्येक इलेक्ट्रिकलवाल्याने वाचलीच पाहिजे. आर्थर क्लार्क यांची 'टेक्निकल एरर', १९४६ची. वीज केंद्रात अतिवाहक तारांचा प्रचंड जनरेटर बसवला आहे. एक इंजिनीअर आत काम करत असताना क्षणभर शॉर्ट सर्किट होते, प्रवाह बेसुमार वाढतो, आणि माणूस उलटा होऊन बाहेर येतो. त्याला सगळ्या पाट्या उलट्या दिसतात. कोणी म्हणेल, त्यात काय, डावखुरा होऊन जगेल. क्लार्क इथेच थांबत नाहीत. ते विचारतात, हा माणूस जेवणार काय?

या प्रश्नाने मी उडालोच. आपल्या शरीरातली प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात ती जवळजवळ सगळी एकाच बाजूची, 'एल' जातीची असतात, आणि आपण पचवतो ते ग्लुकोज 'डी' जातीचे असते. उजवा हात डाव्या हातमोज्यात जात नाही, तशी उलट्या माणसाची पाचक द्रव्ये आपल्या अन्नाला बसणार नाहीत. असे डावे-उजवे रेणू असतात हे लुई पाश्चरने १८४८मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक चिमट्याने वेगळे करून दाखवले होते. तेव्हा उलट्या माणसाला पोळी, भात, डाळ पोटभर खाऊनही उपासमार. मीठ आणि पाणी चालेल, त्यांना डावे-उजवे नसते. तेलातूपातलेही बरेचसे चालून जावे, कारण मेदाम्लांना सहसा ही भानगड नसते. आमच्या मेसमधले वरण मात्र त्याला निश्चित पचेल. त्यात पाण्याखेरीज काही असल्याचे अजून कोणाला आढळलेले नाही.

क्लार्कच्या कथेत मग कंपनीचे संचालक हिशोब मांडतात. या माणसासाठी उलटे अन्न प्रयोगशाळेत बनवत राहायचे की त्याला पुन्हा जनरेटरमध्ये घालून सरळ करायचे? शेवट सांगत नाही. एवढेच सांगतो की शेवटच्या पानावर माझ्या अंगावर काटा आला, आणि त्यात भूत नाही, राक्षस नाही. एका गृहस्थाला एक समीकरण उशिरा कळते, इतकेच. सेफ्टीच्या लेक्चरला ही कथा वाचून दाखवावी असे माझे प्रामाणिक मत आहे.

तीन लेखक आणि एकच उलटा माणूस. वेल्सला त्यात गूढ दिसले आणि क्लार्कला कारखान्याचा हिशोब. नारळीकरांनी त्यात क्रिकेट आणि गणपती आणला. काही जण म्हणतात की ही उसनी कल्पना. मला तसे वाटत नाही. मॅट्रिक्स कोणाच्या मालकीची नसते. लॉर्ड्स आणि सोंड ज्याच्या घरात बोलली जाते त्यालाच ती अशी मांडता येते, आणि म्हणून तर माझ्या आजोबांना त्यावर प्रश्न सुचला. वेल्सचा मास्तर ऐकून त्यांना काही सुचले असते का, शंकाच आहे.

उलटेपणावरून आणखी एक गंमत. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखक : नारायण विनायक जगताप. हे होते जयंत विष्णू नारळीकर. नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने लावलेली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी लिहून काढलेली. केंब्रिजहून नाव कमावून आलेल्या माणसाला नावाच्या जोरावर बक्षीस नको होते. तोंडी परीक्षेत सरांच्या ओळखीचा उल्लेख हळूच करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाचून घ्यावे. मीही त्यातलाच.

आणि आता हिंगोलीकरांसाठी. कृष्णविवर हा शब्द १९७४मध्ये मराठी वाचकाला नवा होता. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्याची गुरुत्वीय लहर पकडली. एक सूर्याच्या सुमारे ३६ पट, दुसरे २९ पट, आणि झालेले नवे ६२ पट. उरलेल्या तीन सूर्यांइतक्या वस्तुमानाची ऊर्जा लहरींतून गेली. ती लहर इथवर येताना इतकी क्षीण झाली की चार किलोमीटर लांबीच्या नळीत प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे हजारांशाइतकाच फरक पडला. तसेच यंत्र, तशाच चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचे, आपल्या औंढा तालुक्यात उभारण्याला केंद्राने एप्रिल २०२३मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. या प्रकल्पातली एक संस्था पुण्याची आयुका, आणि तिचे संस्थापक संचालक नारळीकर. २० मे २०२५ला ते गेले. ज्यांनी मराठीत कृष्णविवराची कथा लिहिली, त्यांच्या संस्थेचे यंत्र नागनाथाच्या शेजारी कृष्णविवरांचा कानोसा घेणार आहे. बाहेरगावचे मित्र विचारतात, "हिंगोलीत काय आहे?" पूर्वी मी विषय बदलायचो.

यादी राहिलीच. नारळीकरांचे 'यक्षांची देणगी' आणि 'वामन परत न आला' घ्या. दुसऱ्यात जमिनीखाली पुरलेला प्राचीन प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि त्यातून तयार झालेला यंत्रमानव आपल्यासारखेच आणखी यंत्रमानव घडवू पाहतो. ए.आय.वर सेमिनार देणाऱ्यांनी आधी हे वाचावे. 'गंगाधरपंतांचे पानिपत' काहींनी अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'द अॅडव्हेंचर' म्हणून वाचली असेल. ती मराठीतून पुन्हा वाचा, वेगळीच लागते. लक्ष्मण लोंढे यांचे 'दुसरा आइन्स्टाइन' आणि बाळ फोंडके यांचे 'चिरंजीव' मिळाले तर सोडू नका. इंग्रजीत क्लार्कचे 'रॉंदेव्हू विथ रामा' (१९७३) मेकॅनिकलवाल्यांसाठी : बरीचशी कादंबरी एका फिरत्या पोकळ सिलिंडरच्या आत घडते. आणि फ्रेड हॉइलचे 'द ब्लॅक क्लाउड' (१९५७). हॉइल हे नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. त्यातले शास्त्रज्ञ खरोखर शास्त्रज्ञांसारखे भांडतात. असिमॉव्हचे 'फाउंडेशन' सगळे सुचवतात. मला ते अर्ध्यात जड गेले, पण त्याचीच 'द लास्ट क्वेश्चन' ही कथा वीस मिनिटांत होते. इंग्रजीला घाबरून थांबू नका. 'टेक्निकल एरर' मी डिक्शनरी शेजारी ठेवून तीन रात्री वाचली.

दिवाळीत आजोबांना पुठ्ठ्याची चप्पल दाखवली. त्यांनी ती दोनदा उलटी-पालटी केली आणि म्हणाले, "टेबलावरून उचलायला आपण हाओत. आपल्याला उचलायला कोण?" मी म्हटले, तेच तर कोणाला सापडलेले नाही. ते म्हणाले, "बरं," आणि पुठ्ठा सुपारीच्या डब्यात ठेवून दिला.

नारळीकरांचे ते मुखपृष्ठ नसलेले पुस्तक मी डिंकाने शिवून परत केले आहे. दुसऱ्या कपाटात, वरून तिसऱ्या फळीवर आहे. नेताना रजिस्टरमध्ये नाव लिहा.