मुळे नाहीत, पाने नाहीत : अमरवेलीचा पाठ

‘वनस्पतीचे अवयव’ हा पाठ चालू असता एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “गुरुजी, अमरवेलीची मुळे कोठे असतात?” हा प्रश्न टाळू नये. किंबहुना पाठाचा आरंभ तेथूनच करावा.

मुळे जमिनीतून पाणी व क्षार शोषून घेतात. पाने हरितद्रव्याच्या साहाय्याने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. ही कामे झाल्यावाचून वनस्पती जगत नाही. मात्र ती त्याच अवयवांनी केली पाहिजेत असे नाही. फड्या निवडुंगाचे जे फड आपण पाने समजतो, ती वस्तुतः खोडे होत. अन्न तीच तयार करतात. तळ्यावर हिरव्या रव्याप्रमाणे पसरणारी वुल्फिया ही सपुष्प वनस्पती एक मिलिमीटरहूनही लहान असते. तिला मुळे मुळीच नसतात. पाण्यातील द्रव्ये ती आपल्या अंगानेच शोषून घेते.

अमरवेलीचा प्रकार याहून निराळा आहे. तिचे बी इतर बियांप्रमाणे जमिनीतच रुजते. अंकुराला बीजपत्रे नसतात. मुळासारखा एक आखूड भाग असतो, परंतु तो अल्पजीवी. बियातील शिदोरीवर हा पिवळसर तंतू वाढतो आणि गोल फिरत आधार शोधतो. थोड्याच दिवसांत तो न मिळाल्यास मरून जातो. हा शोध सर्वस्वी आंधळा नसतो. 2006 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, अमरवेलीच्या एका जातीचा अंकुर टोमॅटोच्या रोपाच्या गंधाकडे वळतो!

आश्रय मिळताच वेल त्यास वेढे घालते व शोषके त्याच्या खोडात खुपसते. ती आतील वाहिन्यांना भिडली की पाणी आणि तयार अन्न दोन्ही मिळू लागते. मग बुडखा सुकतो व जमिनीशी संबंध सुटतो. पाने म्हणावीत तर नुसते बारीक खवले उरतात. म्हणजे बोरीवरील अमरवेल मुळे व पाने यांवाचून जगत नाही. ती बोरीच्या मुळांवर आणि बोरीच्याच पानांवर जगते. दुसरे झाड गाठण्यापूर्वी बोर वाळली तर वेलही वाळते. ‘अमर’ हे नाव तेवढ्यापुरते फसवेच म्हणावयाचे.

वेढ्याखालील फांदीचा पातळ आडवा काप शिक्षकांनी स्वतः घेऊन भिंगातून दाखवावा. शोषक आत शिरलेले दिसते. वेलीचे तुकडे मात्र शाळेच्या बागेत आणू देऊ नयेत. मुले खेळता खेळता ते कुंपणावर फेकतात, आणि एवढासा तुकडाही नव्या झाडावर जोम धरतो. लसूणघासात ही वेल शिरली तर गुरांच्या वैरणीचेच नुकसान होते. बी जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहते. म्हणून फुलोरा येण्यापूर्वीच वेल, तिने वेढलेल्या घासासकट, कापून जाळावी लागते.