पांढरा सूट आणि आईला दिलेला शब्द

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, टेस्ट आणि इचेन या दोन नद्या जेथे एकत्र येतात, तेथे साउथहॅम्प्टन बंदर आहे. १८८८ साली सप्टेंबरअखेरच्या एका शनिवारी अठरा वर्षांचा मोहनदास गांधी येथे बोटीतून उतरला, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे. (त्यांच्या तरुणपणच्या रोजनिशीत मात्र टिल्बरी बंदराचे नाव येते. आत्मकथा त्यांनी पुष्कळ वर्षांनी, १९२५ पासून लिहिली.) त्याला लंडनला जाऊन बॅरिस्टर व्हायचे होते.

बोटीवर तो काळा सूट घालीत असे. पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट त्याने उतरण्याच्या दिवसासाठी जपून ठेवला होता. उतरून पाहतो तो काय, पांढऱ्या कपड्यांत तो एकटाच! बाकी साऱ्यांनी थंडीचे गडद कपडे घातलेले. इतरांचे पाहून त्याने आपले सामान, किल्ल्यांसकट, एजंटाच्या स्वाधीन केले होते. दुसरा दिवस रविवार, म्हणून सामान मिळेना. लाजून चूर होऊन त्याने ते दिवस काढले.

लंडनच्या हॉटेलात त्याला डॉ. प्राणजीवन मेहता भेटायला आले. मोहनदासने त्यांची मऊ केसांची उंच टोपी कुतूहलाने हाती घेऊन उलटा हात फिरवला आणि टोपीचे केस विसकटले. मेहतांनी तेथेच पहिला धडा दिला: दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, मोठ्याने बोलू नये, पहिल्याच भेटीत खाजगी प्रश्न विचारू नयेत.

कपडे बदलता आले, रीतही शिकता आली. अन्नाचे मात्र तसे नव्हते. निघताना त्याने आईला शब्द दिला होता की, मांस आणि मद्य यांना शिवणार नाही. बोटीवरच एका इंग्रज प्रवाशाने बजावले होते की, इंग्लंडच्या थंडीत मांसाशिवाय माणूस जगत नाही. पुढे एका मित्राने वाद घातला: न शिकलेल्या आईसमोर, इथली परिस्थिती ठाऊक नसताना घेतलेल्या शपथेची किंमत ती काय? मोहनदासपाशी उत्तर नव्हते. तो फक्त नाही म्हणत राहिला. जेवणाला मीठमसाल्याशिवाय उकडलेली भाजी आणि पावाचे दोनतीन तुकडे. आणखी मागायची लाज वाटे. रात्री घर आठवून रडू येई.

मग तो पायी हिंडू लागला. रोज दहाबारा मैल चालायचे आणि स्वस्त खाणावळीत पोटभर पाव खायचा. असाच एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला शाकाहारी खाणावळ सापडली. इंग्लंडात आल्यापासूनचे पहिले मनासारखे जेवण तेथे झाले. दारापाशी काचेमागे पुस्तके विक्रीला होती. त्यांतले हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरचे पुस्तक त्याने एक शिलिंगला घेतले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. तोवर तो आईसाठी शाकाहारी होता. त्या दिवसापासून स्वतःच्या मनाने झाला.

बेने इस्राएल घरांत ही गोष्ट परकी वाटू नये. कोकणात आपले पूर्वज तेल गाळीत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पर आणि खवले नसलेले मासे आपल्या घरांत खात नसत. कारण विचारले असते तर कित्येक आजींना ते सांगता आले नसते, पण मासे निवडताना त्यांचा हात चुकत नसे. तोराच्या बामिदबार या पुस्तकातही, तिसाव्या अध्यायात, नवस बोलणाऱ्याने आपला शब्द मोडू नये अशी आज्ञा आहे.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून पुन्हा साउथहॅम्प्टनला आले. महायुद्ध नुकतेच पेटले होते. सोबत कस्तुरबा आणि यहुदी मित्र हर्मन कॅलनबाख होते. कॅलनबाख यांना भारी दुर्बिणींची आवड. साधेपणाने राहायचे तर ही दुर्बीण कशाला, यावर दोघांचा बोटीवर रोज वाद चाले. शेवटी कॅलनबाख यांच्या संमतीने ती समुद्रात टाकली. भारतात येण्याची त्यांची इच्छा मात्र तेव्हा पुरी झाली नाही. ते जर्मन प्रजाजन होते, म्हणून इंग्रज सरकारने त्यांना परवानगी दिली नाही.

शब्दार्थ
रोजनिशी – रोजची हकीकत लिहिण्याची वही
घाणा – तेल गाळण्याचे यंत्र
पर – माशाचे पंख

स्वाध्याय
१. मोहनदासने परक्या शहरात काय बदलले आणि काय बदलले नाही?
२. ‘लाजून चूर होणे’ हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
३. आईसाठी पाळलेला नियम मोहनदासचा स्वतःचा कसा झाला?
४. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा: गाव सोडताना तुम्हांला कोणी काय बजावले होते? मलिदा केला होता का? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.