चष्मा जाईल, डोळा तोच राहील

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस ९. लेझरची तपासणी केली, तर पारपटल पातळ आहे, त्यापेक्षा डोळ्यात लेन्स बसवा, असं सांगितलं. चांगल्या डोळ्यात बाहेरची वस्तू घालायची भीती वाटते. हे सुरक्षित आहे का?

उत्तर : तुमची भीती मी समजू शकतो. पण योग्य डोळा निवडला, तर ही शस्त्रक्रिया सुरक्षित आहे आणि गुणही चांगला येतो. लेझरमध्ये पारपटल तासून नंबर घालवतात. पातळ पारपटल आणि मोठा नंबर असेल, तर ते धोक्याचं ठरतं. डोळ्यात लेन्स बसवण्याच्या या शस्त्रक्रियेत, म्हणजे ‘आयसीएल’मध्ये, काही तासत नाहीत. सुमारे ३ मि.मी.च्या छेदातून घडी घातलेली मऊ लेन्स आत सरकवतात. डोळ्याचा रंगीत पडदा आणि नैसर्गिक भिंग यांच्यामध्ये ती बसते. पुढे गरज पडलीच, तर काढताही येते. मात्र काढणं हीसुद्धा शस्त्रक्रियाच असते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही लेन्स २००५ मध्ये मंजूर केली. मधोमध बारीक छिद्र असलेल्या नव्या लेन्सला तिथे २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्या छिद्रातून डोळ्यातलं पाणी वाहत राहतं, त्यामुळे मोतीबिंदूची आणि दाब वाढण्याची भीती पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. कमी झाली आहे, संपलेली नाही.

खरी मेख मापात आहे. लेन्स मोठी झाली, तर रंगीत पडदा पुढे ढकलला जाऊन दाब वाढू शकतो. लहान झाली, तर ती भिंगाला टेकून मोतीबिंदू होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारा : डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली पुरेशी, म्हणजे साधारण ३ मि.मी. आहे का? पारपटलाच्या आतल्या पेशी मोजल्या का? पडदा, म्हणजे रेटिना, बाहुली मोठी करून तपासला का? वर्षभरात नंबर बदलला असेल, तर थांबा. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असतानाही नको.

शस्त्रक्रियेनंतर काही काळ रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. बहुतेकांना हळूहळू त्यांची सवय होते. डोळा चोळायचा नाही, थेंब चुकवायचे नाहीत. दुखू लागलं, डोळा लाल झाला किंवा नजर अंधूक झाली, तर त्याच दिवशी दाखवा. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तो वाट पाहत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सामान्य डोळा सुमारे २४ मि.मी. लांब असतो, एवढ्या नंबरात तो २६-२७ मि.मी.पर्यंत ताणलेला असतो, आणि त्याबरोबर आतला पडदाही. लेन्स बसवल्याने नजर स्वच्छ होते, पण डोळा आखूड होत नाही. पडदा फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका पूर्वीइतकाच राहतो. चष्मा गेला की लोक डोळ्यांच्या डॉक्टरकडे फिरकत नाहीत, आणि तिथेच घात होतो. डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं झालं, अचानक काळे ठिपके वाढले किंवा बाजूने सावली सरकली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

मुलीला लेन्स जरूर बसवा. पण दरवर्षी पडदा, दाब आणि पेशी तपासून घेईन, हे तिच्याकडून आधी कबूल करून घ्या.