फिक्स्ड गिअरची सायकल रोजच्या वापरासाठी

प्रश्न : फिक्स्ड गिअरची सायकल कामावर ये-जा करण्यासाठी सिंगल स्पीड करून घेता येते का?

उत्तर : येते, आणि रहदारीत तेच इष्ट ठरते. फिक्स्ड गिअरमध्ये मागचे दातेरी चक्र हबला जखडलेले असल्यामुळे चाक फिरते तोवर पायडलही फिरत राहते आणि पायांनी उलटा जोर देऊन वेग कमी करता येतो. त्याऐवजी फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने जोर पोचवणारे चक्र, बसवले की पाय थांबवूनही सायकल धावते, मात्र पायांनी वेग रोखण्याची सोय पूर्णपणे जाते. म्हणूनच पुढचा आणि मागचा असे दोन्ही ब्रेक असल्याखेरीज हा बदल मुळीच करू नये. केवळ शर्यतीच्या ट्रॅकसाठी घडवलेल्या काही सांगाड्यांना ब्रेकसाठी भोकच नसते, अशा सायकलीचा नाद सोडणेच शहाणपणाचे.

हबच्या दोन्ही बाजूंना आटे असल्यास मोकळ्या बाजूवर फ्रीव्हील चढवून चाक उलटे लावले की भागते. एरवी जुने चक्र अडवून धरणारी लॉकरिंग आधी काढावी लागते. तिचे आटे उलटे असल्याने ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सैल होते, चक्र मात्र विरुद्ध दिशेने सुटते. फ्रीव्हील पायडल मारता मारता आणखी आवळत जात असल्यामुळे आट्यांना ग्रीस लावणे अत्यावश्यक आहे, अन्यथा ते पुढे काढणे जिकिरीचे होते. पुढे ४४ दाते असल्यास मागे १६ ऐवजी १८ दात्यांचे फ्रीव्हील घ्यावे, त्याने सिग्नलवरून निघताना गुडघ्यांवरचा ताण कमी होतो. मग चाक मागेपुढे सरकवून चेन मध्यभागी साधारण एक सेंटिमीटर हलेल इतकीच सैल ठेवावी.