लूपमुळे नेट ठप्प? स्विच बदलण्याआधी हे वाचा

सोसायटीचे सगळे कॅमेरे एकदम बंद, क्लासमधलं नेट ठप्प आणि रॅकमधल्या स्विचचे सगळे दिवे एका लयीत भराभर लुकलुकताहेत? मग नवा स्विच घेण्याची घाई करू नका. बहुतेक वेळा हा लूप असतो. साफसफाईत कुणीतरी पॅच कॉर्डचं सुटं टोक मोकळ्या पोर्टमध्ये खोचलेलं असतं, किंवा दोन विंगांमध्ये जुनी-नवी अशा दोन केबल एकदम जोडलेल्या असतात. एकेक केबल काढून पाहा. जी काढल्यावर दिवे शांत होतील, तिच्यावर चिठ्ठी लावा. या दुरुस्तीला खर्च शून्य.

पुन्हा असं होऊ नये म्हणून स्पॅनिंग ट्री (एसटीपी) लावून घ्यायचं. लूप झालाच, तर स्विच जादा वाट आपणहून बंद ठेवतो आणि चालू केबल तुटली की ती उघडतो. मॅनेज्ड स्विचमध्ये ही सोय आतच असते. बिलात ‘एसटीपी अ‍ॅक्टिव्हेशन’ किंवा ‘एसटीपी लायसन्स’ अशी ओळ दिसली, तर ती खोडायला लावा. तुम्ही पैसे देता ते फक्त माणसाच्या वेळेचे.

ते किती? मुंबईत व्हिजिटचे साधारण ५०० ते १,००० रुपये. चार-पाच स्विचचं सेटिंग, केबलना लेबल आणि चाचणी मिळून दोन ते तीन तासांचं काम. त्याचे २,५०० ते ५,००० रुपये ठीक आहेत. हे आकडे अंदाजाचे आहेत, म्हणून दोन-तीन कोटेशन लेखी घ्या आणि १८ टक्के जीएसटी धरून की वगळून, हे आधी विचारा. क्रिंपिंग, कनेक्टर आणि ‘दुसरी व्हिजिट’ यांचे पैसे नंतर निघतात. तेही कोटेशनमध्येच लिहून घ्या.

स्विच साधा, म्हणजे अनमॅनेज्ड असेल, तर त्यात सेटिंग करण्यासारखं काही नसतं. तिथे ‘सेटिंग करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. स्विच बदलावाच लागेल. मात्र सगळे बदलू नका. मधला आणि विंगांना जोडणारे तेवढे पुरे. आठ पोर्टचा स्मार्ट स्विच साधारण अडीच हजारांपासून मिळतो, पण इथेच फसगत होते. स्वस्त मॉडेलच्या खोक्यावर नुसतं ‘लूप प्रिव्हेन्शन’ लिहिलेलं असतं. ते स्पॅनिंग ट्री नव्हे. माहितीपत्रकात ‘आरएसटीपी’ (एसटीपीची नवी, वेगवान आवृत्ती) किंवा ‘८०२.१डब्ल्यू’ हे शब्द असल्याशिवाय घेऊ नका. क्लाउडवरून चालणाऱ्या स्विचला दरवर्षी लायसन्स लागतं का, हेही विचारा.

खरेदीला लॅमिंग्टन रोड. मानखुर्दकडून येणार असाल, तर हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. रविवार टाळा: बहुतेक दुकानं बंद, वर हार्बरला मेगाब्लॉक असण्याची शक्यता. जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल घ्या आणि सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या. कच्च्या बिलावर वॉरंटीचं भांडण जिंकता येत नाही.

काम सुरू असताना शेजारी उभे राहा आणि या गोष्टी करून घ्या. मोड आरएसटीपी. जुन्या एसटीपीला वाट बदलायला ३० ते ५० सेकंद लागतात, आरएसटीपीला बहुधा काही सेकंदच. मधल्या स्विचची प्रायॉरिटी ४०९६, त्याच्या राखीव जोडीदाराची ८१९२. हे राहून गेलं तर सगळे स्विच मूळच्या ३२७६८वर राहतात आणि ज्याचा मॅक अ‍ॅड्रेस सर्वांत लहान, तो मुख्य बनतो. तो कोपऱ्यातला सर्वांत जुना, संथ स्विचही असू शकतो. कॉम्प्युटर, कॅमेरा, प्रिंटरचे पोर्ट ‘एज’, काही कंपन्यांच्या भाषेत ‘पोर्टफास्ट’. त्यांच्यावर बीपीडीयू गार्ड, म्हणजे तिथे कुणी स्विच जोडला की तो पोर्ट बंद करणारी सोय. दोन स्विचना जोडणाऱ्या पोर्टवर मात्र तो मुळीच नको. गार्डने बंद केलेला पोर्ट पुन्हा कसा चालू करायचा, हे तिथेच शिकून घ्या, नाहीतर त्यासाठी पुन्हा व्हिजिटचे पैसे जातील.

शेवटी सेटिंग सेव्ह करायला लावा. अनेक स्विचमध्ये सेव्ह न केलेलं सगळं वीज गेली की पुसलं जातं. म्हणून पैसे देण्याआधी तुमच्यासमोर स्विच बंद करून पुन्हा चालू करायला सांगा. मग जादा वाट ठेवली असेल, तर दोन स्विचमधली एक केबल उपटून नेट परत येतं का ते पाहा आणि एका पॅच कॉर्डची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचून बाकीचं नेटवर्क चालू राहतं का तेही पाहा. क्लासचं काम दुपारी मोकळ्या तासांत ठेवा, दवाखान्याचं बंद वेळेत, कारण सेटिंग बदलताना नेट मध्येच तुटतं.

ताब्यात घ्यायचं ते असं: अ‍ॅडमिन पासवर्ड लेखी, सेटिंगची बॅकअप फाइल, कुठला पोर्ट कुठे जातो त्याचा कागद. पासवर्ड ‘आमच्याकडेच राहू द्या’ म्हणणाऱ्याला ठाम नकार द्या. पुढची प्रत्येक दुरुस्ती त्याच्याच दराने होईल. एनीडेस्कसारख्या अ‍ॅपवरून दुरूनच काम करून घेतलंत, तर संपताच ते काढून टाका.

फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. धंद्यासाठी केलेल्या खरेदीला ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही. पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असलेल्या कामाला होतो. एकट्याने चालवलेल्या शिकवणीचं बिल म्हणूनच जपून ठेवा.