तोतयेगिरीचे नवे रूप आणि पतसंरक्षण

पानिपतच्या रणसंग्रामानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून घेणाऱ्या एका तोतयाने मराठी राज्यात मोठीच खळबळ उडविली होती. १७७६ मध्ये मुंबईकडे पळालेल्या या तोतयाला कुलाब्याच्या रघूजी आंग्रे यांनी पकडून पुणे दरबारच्या स्वाधीन केले. त्या तोतयाला निदान लोकांसमोर उभे राहावे लागले होते. आजच्या तोतयाला तेवढेही करावे लागत नाही. आधार कार्डाची प्रत, मोबाइलवरील सांकेतिक क्रमांक किंवा बोटाचा ठसा हाती आला, की तो दुसऱ्याच्या नावावर कर्ज उचलू शकतो अथवा खात्यातील रक्कम काढू शकतो.

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळाली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर नुकसानभरपाई बँक खात्यांत जमा झाली. अशा प्रत्येक कामी कागदपत्रांच्या प्रती द्याव्या लागतात व त्या अनेक हातांतून जातात. आपल्या नावावर परस्पर कर्ज निघाल्याचे कित्येकदा होडीसाठी वा घरासाठी कर्ज मागावयास गेल्यावरच कळते.

कर्जाची नोंद

अमेरिकेत २०१७ मध्ये इक्विफॅक्स या कंपनीकडील सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीस गेली. त्यानंतर २१ सप्टेंबर २०१८ पासून तेथील प्रत्येक नागरिकास आपला पत अहवाल विनामूल्य गोठविण्याचा हक्क मिळाला. अहवाल गोठविला असता नव्या सावकारी संस्थेस तो पाहता येत नाही, आणि अहवाल पाहिल्यावाचून सहसा कोणी कर्ज देत नाही.

आपल्याकडील २००५ च्या पत-माहिती कंपन्यांविषयीच्या कायद्यात असा हक्क नाही. म्हणून दक्षता हाच मार्ग उरतो. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन व क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून दरवर्षी एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा अहवाल मागविल्यास वर्षभर देखरेख राहते. अनोळखी कर्ज आढळल्यास संबंधित बँक व पत-माहिती कंपनी या दोहोंकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण न झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये घालून दिला आहे.

ठशाला कुलूप

गावातील बँक प्रतिनिधीच्या यंत्रावर आधार क्रमांक व बोटाचा ठसा यांवर पैसे निघतात. ही सोय वृद्धांस उपकारक आहे. परंतु काही राज्यांत दस्तऐवजांवरील ठशांच्या नकला करून खाती रिकामी केल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. यावर उपाय म्हणजे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ठसे कुलूपबंद करणे. त्यानंतर ठशाने होणारी पडताळणी थांबते. मात्र रास्त भाव दुकानातील धान्यासाठीही हाच ठसा लागतो, तेव्हा जाण्यापूर्वी कुलूप तात्पुरते उघडावे लागते. या कामी आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असणे अत्यावश्यक आहे. शिवाय मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक दुसऱ्यास सांगितल्यास होणारी फसवणूक या कुलपाने टळत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

ग्रामपंचायतींचे कार्य

ज्या वृद्धेचा मोबाइल मुंबईतील मुलाच्या नावे आहे, तिच्या हाती हे कुलूप नाही. म्हणून ग्रामपंचायतीने अशा व्यक्तींची यादी करून आधार केंद्रावर त्यांचे क्रमांक जोडून घ्यावेत. मुलाच्या संमतीने त्याचाच क्रमांक जोडल्यास कुलूप कसे उघडावयाचे, हे दोघांनाही समजावून द्यावे. अन्यथा संरक्षणापायी धान्य अडावयाचे. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना पत अहवाल वाचावयास शिकवावे. कार्यालयांनी जरूर नसलेल्या प्रती मागू नयेत. पहिले आठ अंक झाकलेली आधार प्रत चालत असेल तेथे तीच स्वीकारावी, आणि काम संपलेल्या प्रती रद्दीत न देता नष्ट कराव्यात.

पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. रक्कम पुढील खात्यांतून काढली जाण्यापूर्वी रोखता येण्याची शक्यता त्यामुळे वाढते. समुद्रावर जाण्यापूर्वी होडीची डागडुजी पाहण्याची सवय या किनाऱ्यास आहेच. आपल्या नावावरील कर्जाची नोंदही तितक्याच नियमाने पाहिली गेली पाहिजे.